सेंतानी ते वामेना : अंतर किती, वेळ किती?



इंडोनेशियाच्या पापुआ भागात जयपुराजवळ सेंतानी विमानतळ आहे. तेथून बालिएम खोऱ्यातील वामेनाला जातात. हे दानी आदिवासींचे खोरे सुमारे १,६५० मीटर उंचीवर आहे. १९५४ मध्ये पहिले मिशनरी तेथे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने नदीत उतरले.

या दोन ठिकाणांचे अंतर मी नकाशावरून काढले. वामेना सेंतानीच्या दक्षिणेला सुमारे दीड अंश व पश्चिमेलाही तेवढेच आहे. विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दोन्ही बाजू सुमारे १७० किलोमीटर आणि तिरपे, सरळ अंतर सुमारे २४० किलोमीटर.

ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानाला हे अंतर अर्ध्या तासाचे. पण चढणे, डोंगर ओलांडणे व उतरणे धरून पाऊण तास लागतो. ताशी ३०० किलोमीटरच्या लहान विमानाला जवळजवळ तास लागतो.

खरी अडचण ढगांची आहे. दुपारी ते डोंगरांवर दाटतात, म्हणून लहान विमाने शक्यतो सकाळीच उडतात. खिंड दिसली नाही तर वैमानिक मागे फिरतो. मग आतल्या गावातील अडलेल्या बाळंतिणीसाठी तासाचे अंतर दुसऱ्या दिवसावर जाते.

म्हणून मी विनंती करतो : प्रार्थनेत या वैमानिकांसाठी स्वच्छ सकाळ मागा, आणि वाट पाहणाऱ्या रुग्णांसाठी धीर.