लिफाफ्यातला लिफाफा

3 मे 2025. सिंगापूरच्या सार्वत्रिक निवडणुकीचा दिवस. पासिर रिसमधल्या आमच्या शेजारच्या काकू सकाळीच मत देऊन आल्या. इथं मतदान सक्तीचं, त्यामुळे टाळाटाळ नाही. चहा घेता घेता म्हणाल्या, "लेकीचं मत कधीच पोस्टात पडलं." लेक मँचेस्टरला असते. सिंगपासनं लॉगिन करून तिनं मतपत्रिका आणि लिफाफा छापला, खूण केली आणि पाठवून दिला.

ही सोय सिंगापूरनं 2023 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून दिली. पण अटी कडक. लिफाफ्यावर मतदानाच्या आधीच्या तारखेचा पोस्टाचा शिक्का हवा आणि मतदानानंतर दहा दिवसांच्या आत तो इथं पोचायला हवा. निकाल बघून मागाहून कुणी मत टाकू नये, म्हणून हा शिक्का. तो उमटला नाही तर प्रामाणिक माणसाचंही मत बाद. म्हणून लेकीनं काउंटरवर उभं राहून शिक्का मारून घेतला.

आपल्याकडे भारतीय पासपोर्टवाल्यांचा प्रश्न ठरलेला, "आपल्याला का नाही?" 2011 पासून अनिवासी भारतीयांना नमुना 6 अ भरून गावच्या यादीत नाव घालता येतं. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः जावं लागतं. 2024 च्या लोकसभेला अशी सुमारे 1.19 लाख नावं होती. प्रत्यक्षात आले 3 हजारांच्या आत, तेही बहुतेक केरळचे. आपल्या वतीनं दुसऱ्याला मत देऊ देणारं विधेयक लोकसभेनं 2018 मध्ये मंजूर केलं, पण राज्यसभेत अडकून 2019 मध्ये ते बाद झालं. 2020 मध्ये निवडणूक आयोगानं अनिवासींना टपाली मत देण्याची तयारी सरकारला कळवली. आपण अजून वाट बघतोय.

सैनिकांना मात्र 2016 पासून मतपत्रिका इंटरनेटवरून जाते आणि टपालानं परत येते. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. खूण केलेली मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात. त्याच्यासोबत मतदाराचं सही केलेलं, साक्षांकित घोषणापत्र. दोन्ही बाहेरच्या लिफाफ्यात. मोजणीच्या वेळी आधी घोषणापत्र बघतात. ते नसेल, सही नसेल किंवा क्रमांक जुळत नसेल, तर आतला लिफाफा उघडतच नाहीत. मत कुणी दिलं हे तपासायचं, पण कुणाला दिलं हे कळू द्यायचं नाही, ही त्यातली खुबी.

या कागदांचं वजन किती, ते मुंबई उत्तर-पश्चिमनं 4 जून 2024 ला दाखवलं. मतदानयंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले. बाद टपाली मतं होती 111. जिंकण्याचा फरक बाद मतांपेक्षा कमी असला की ती पुन्हा तपासायची, असा नियम आहे. तशी ती तपासली गेली. पुढे निकालाला आव्हान देणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये फेटाळली. पण एक सही विसरली तर काय होऊ शकतं, हे सगळ्यांना कळलं.

माझा स्वतःचा डोळा उघडला तो घरच्याच प्रसंगानं. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला आई 87 वर्षांची. 85 च्या पुढच्यांना घरून मत देता येतं, म्हणून दादानं मुदतीत नमुना 12 ड भरून दिला. कर्मचारी, पोलीस, व्हिडिओवाला, सगळे घरी आले. दादा आईच्या खुर्चीपाशी उभा राहिला. अधिकारी म्हणाले, "तुम्ही जरा पडवीत थांबा." दादा चिडला. रात्री फोनवर मीही त्याचीच बाजू घेतली. तिला दिसत नाही नीट, मुलानं जरा दाखवलं तर काय बिघडलं?

मग आठवलं, आदल्या दिवशी मीच आईला फोन करून कुठल्या चिन्हापुढे खूण करायची ते दोनदा बजावलं होतं. ज्याला आपण मदत म्हणतो, त्यालाच कायदा दबाव म्हणतो. खोटी सही पकडता येते, उशिरा आलेला लिफाफा बाजूला काढता येतो. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोण कुणाच्या मागे उभं आहे, हे लिफाफा सांगत नाही. केंद्रावर पडदा असतो, घरात तो आपणच धरायचा असतो.

म्हणून आता कुणी टपाली मत मागितलं, की मी पुढचं विचारतो. आखातातल्या मजुराचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असेल, तर तो मत कुणासमोर देणार? साक्षांकन दूतावासात असेल तर तिथं जायला त्याला सुट्टी मिळेल का? ही सोय यायलाच हवी, पण या उत्तरांसकट.

तोवर घरी 85 च्या पुढचं कुणी असेल, तर निवडणूक जाहीर होताच 12 डचं बघा. अधिसूचनेनंतर पाचच दिवस असतात. एकदा घरून मत नोंदलं, की केंद्रावर जाऊन देता येत नाही. आणि कर्मचारी आले, की पडवीत जाऊन बसा.

आईला मी नंतर विचारलंच, "कुणाला दिलंस गं?"

"ते साहेब सांगून गेलेत, कुणाला सांगायचं नाही," म्हणाली आणि हसली. अजून सांगितलेलं नाही.