खेळाडूंतील श्वासविकार : निदान व औषधयोजनेतील सावधानता

सरावानंतर दम लागतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या तरुण खेळाडूस ‘क्षुद्रश्वास’ म्हणून आश्वस्त करण्याचा मोह होतो. चरकाचार्यांनी वर्णिलेल्या पंचविध श्वासांपैकी क्षुद्रश्वास रूक्ष आहार व आयासाने उत्पन्न होतो आणि विश्रांतीने शमतो. परंतु श्रम थांबविल्यावरही पाच-दहा मिनिटे वाढत जाणारा, घरघर व खोकल्यासह अर्धा-एक तास टिकणारा श्वास असल्यास तमकश्वासाचा विचार करावा. मुखाने वेगाने घेतलेली कोरडी, थंड हवा श्वासमार्गातील ओलावा शोषते आणि नलिका आकुंचन पावतात. व्यायामानंतर स्पायरोमेट्रीत एफईव्ही-१ हे मान १० टक्के वा अधिक घटल्यास निदानास आधार मिळतो.

खरी कसोटी पुढे आहे. श्वासावर सोमलतेचे कल्प आपण सहज योजतो. सोमलतेतील इफेड्रिन श्वासनलिका विस्फारते. मात्र ते उत्तेजकही आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा रिक डिमाँट ४०० मीटर मुक्तशैली पोहण्यात प्रथम आला. दम्याच्या औषधातील इफेड्रिनमुळे त्याचे सुवर्णपदक गेले. औषधाची माहिती त्याने आधीच दिलेली होती!

आजच्या ‘वाडा’च्या नियमांनुसार स्पर्धाकाळात मूत्रातील इफेड्रिन प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळणे हा दोष ठरतो. कुपीलूतील स्ट्रिक्निन व विजयेतील टीएचसी हेही स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. म्हणून अग्नितुंडी वटी किंवा भांगयुक्त जातीफलादि चूर्ण देतानाही विचार हवा. औषध वैद्याने दिले, एवढ्याने खेळाडूची जबाबदारी टळत नाही.

याउलट, श्वसनावाटे घेतलेले साल्ब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, व कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम या मर्यादेत अनुज्ञेय आहे. रुग्णाचा चालू इनहेलर आम्ही बंद करीत नाही. सितोपलादि, वासावलेह यांची जोड देतो, सरावापूर्वी हळूहळू अंग तापविण्यास सांगतो आणि प्रत्येक घटक चिठ्ठीवर लिहून देतो. बोलणे तुटू लागल्यास किंवा ओठ निळसर झाल्यास रुग्णालयात पाठविण्यास विलंब करू नये.

औषधी विक्रेत्यांनीही संपूर्ण घटकसूची नसलेला कल्प खेळाडूस देऊ नये. ‘आपण स्पर्धेत भाग घेता का?’ हा एक प्रश्न विचारण्यास क्षणभर लागतो. तो न विचारल्यास एखाद्याची अनेक वर्षांची साधना वाया जाऊ शकते.