दोष बाईचाच कशावरून?

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की गावात कुजबुज सुरू होते. बाईला उपास, नवस, गंडेदोरे. पुढे सवत आणण्याच्या गोष्टी निघतात. गड्याला कोणी काही विचारीत नाही. तो धट्टाकट्टा आहे ना, मग झाले!

पण मंडळी, अंगातली ताकद वेगळी आणि हे वेगळे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत कारण पुरुषाकडेही असते. पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू असतात. (हे जंतू रोगाचे नव्हेत.) त्यांतला एक बाईच्या बीजाला मिळाला, की गर्भ राहतो. १६७७ साली हॉलंडातल्या लेव्हेनहूक नावाच्या कापडवाल्याने ते सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. वीर्य नेहमीसारखे दिसते आणि त्यात जंतू एकही नाही, असेही घडते.

वर्षभर एकत्र राहून दिवस गेले नाहीत, तर दोघांनीही दवाखान्यात जावे. आम्ही तर म्हणतो, गड्याने आधी जावे. त्याची तपासणी सोपी. सुई नाही, चिरफाड नाही. दोन ते सात दिवस वीर्य जाऊ द्यायचे नाही. मग तेथे मिळणाऱ्या स्वच्छ डबीत नमुना द्यायचा. तो तासाच्या आत तपासावा लागतो. उमरेड-रामटेकहून एस. टी.ने नागपूर गाठायलाच तासाच्या वर जातो. तेव्हा मेडिकलला किंवा मेयोला जाऊन विचारावे आणि नमुना तेथेच द्यावा. लाजू नये. तेथल्या लोकांना हे रोजचेच काम.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याचे आकडे दिले आहेत. वीर्य १.४ मिलिलिटर. दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख जंतू. त्यांपैकी हलणारे शंभरांत ४२. चांगल्या घडणीचे शंभरांत ४ असले तरी पुरे! मात्र हे परीक्षेतले पासाचे ३५ गुण नव्हेत. वर्षाच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने मोजून हे आकडे काढले. त्यांतही प्रत्येक आकड्याच्या खाली शंभरांतले पाच जण होतेच. म्हणून आकडा कमी आला तरी हाय खाऊ नये.

एकाच तपासणीवर विसंबूही नये. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. मध्ये कडक ताप येऊन गेला तर आकडा उतरतो. म्हणून डॉक्टर पुन्हा तपासायला बोलावतात. तोवर विडी आणि खर्रा सोडावा. काहींच्या अंडाच्या शिरा फुगलेल्या निघतात. त्यावर शस्त्रक्रिया आहे.