ऑपरेशन माझं, पथ्य घराचं

गेल्या चार वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, “काय करतेस गं? कुठलं डाएट?” विचारणारी व्यक्ती बहुधा लग्नाच्या मांडवात किंवा मंडळाच्या गणपतीत भेटते आणि आवाज जरा खाली आणून विचारते. मी आवाज खाली न आणता सांगते, “ऑपरेशन केलंय. वजन कमी करण्याचं. बेरिअ‍ॅट्रिक म्हणतात त्याला.” यावर काहीजण “अगं बाई!” म्हणून विषय बदलतात. काहीजण, विशेषतः तिशी-पस्तिशीतली मुलंमुली, नंतर निवांत फोन करतात. त्या फोनवर जे बोलते तेच इथे एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी आकडे

जानेवारी २०२२ मध्ये माझं वय ३७, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११८ किलो होतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, मिळतो. माझा ४६ होता. मधुमेह एकतिसाव्या वर्षीच लागलेला. गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी ९.२ दाखवत होती. रात्री झोपेत श्वास अडकायचा आणि दिवसा शाळेत शिकवताना डोळे मिटायचे.

आपल्याकडे “खात्यापित्या घरची आहे” असं म्हणून वजनाचा विषय हसण्यावारी जातो. पण भारतीय शरीराचं गणित जरा वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळच. म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. तरुण वाचकांनी आपापला आकडा एकदा काढून बघायला हरकत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र आकड्यांपेक्षा बाबा होते. त्यांना मधुमेह पंचेचाळिशीत लागला, पुढे मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, असं तीन वर्षं. एकोणसाठाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यापेक्षा चौदा वर्षं आधी मी त्याच वाटेला लागले होते आणि माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

“जरा तोंडावर ताबा ठेव”

हा सल्ला मला फुकट आणि भरपूर मिळाला. ताबा मी चार वेळा ठेवला. आहारतज्ज्ञांकडे जाऊन, रोज चालून, रात्रीचं जेवण सोडून. दर वेळी दहा-बारा किलो उतरले आणि वर्ष-दीड वर्षात परत आले. तेव्हा वाटायचं, आपल्यात निर्धारच नाही. नंतर डॉक्टरांनी समजावलं की वजन उतरलं की शरीर त्याला संकट समजतं. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं कमी होतात, आणि विश्रांतीत खर्च होणारी ऊर्जाही घटते. शरीर जुन्या वजनाकडे ओढत राहतं. स्थूलता हा आजार आहे, हे वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं समजावली. पहिलं स्लीव्ह. त्यात जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढतात आणि केळ्यासारखी निमुळती नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होत असल्यामुळे भूकही कमी होते. दुसरं बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं. मला मधुमेह होता आणि छातीत जळजळ नेहमीची होती. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते, म्हणून बायपास ठरलं. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. शेजारणीने जे केलं तेच आपण करायचं, असं हे काम नाही.

घरातली पंचायत

आईने ऐकलं आणि म्हणाली, “देवाने दिलेलं धडधाकट पोट कापून घ्यायचं? पोरीचा तरी विचार कर.” मी म्हटलं, “आई, तिचाच करतेय.” सासूबाईंना वाटलं, त्यांच्या स्वयंपाकावरच ठपका आला. “मी कधी जबरदस्तीने वाढलंय का तुला?” असं विचारताना त्या तिसरी पोळी वाढत होत्या. नवऱ्याने मात्र एकच विचारलं, “धोका किती?”

धोका सगळ्यांना कळायला हवा. टाक्यांच्या जागी गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, हे सगळं होऊ शकतं. अनुभवी हातांत त्याचं प्रमाण कमी असतं, पण शून्य नसतं. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही डॉक्टरांनी सांगितलं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर स्थूल माणसांचा अभ्यास झाला, त्यातल्या साधारण निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. सरासरी अकरा वर्षांनंतर, २००७ साली निष्कर्ष आले, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. नवरा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो विम्याचे कागद घेऊन बसला.

विम्याचंही सांगते, कारण फोनवर हा प्रश्न हमखास येतो. विमा नियामक ‘इर्डाई’च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांचा सल्ला असेल, वय किमान १८ असेल आणि बीएमआय ४० किंवा अधिक असेल तर हे ऑपरेशन सरसकट ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नाकारता येत नाही. बीएमआय ३५ च्या पुढे असेल तर सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार असावा लागतो आणि साधे उपाय करून झालेले असावे लागतात. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ मात्र आधी वाचा.

पहिलं वर्ष

ऑपरेशनच्या आधी एंडोस्कोपी, सोनोग्राफी, हृदयाची तपासणी, झोपेची तपासणी, समुपदेशकांशी दोन बैठका. मग दोन आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार, कारण त्याने यकृत आकसतं आणि सर्जनला पोटात जागा मिळते. फेब्रुवारीत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पोटावर पाच लहान छेद. त्याच संध्याकाळी मला चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी.

पुढचे दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग दोन आठवडे कालवलेलं, मग मऊ, मग आपलं नेहमीचं पण वाटीभर. आमच्या शाकाहारी घरात खरी अडचण प्रथिनांची. सासूबाई प्रेमाने वरणाचं पाणी द्यायच्या. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, पाण्यात प्रथिनं फारशी उतरत नाहीत, ती खाली राहिलेल्या डाळीत असतात. मला दिवसाला किमान साठ ग्रॅम हवी होती. मग दही, पनीर, घोटलेलं मुगाचं वरण, सोयाबीन आणि प्रथिनांची पावडर. नियम असा, की ताटात आधी प्रथिनं, मग भाजी आणि जागा उरली तर पोळी किंवा भात. घास बारीक चावायचा. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने.

गोडाचं वेगळंच. बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते. मग धडधड, घाम, चक्कर, पोटात कळ. याला डम्पिंग म्हणतात. इंदूरमध्ये राहून रविवारच्या सकाळी पोह्यांबरोबरची जिलबी नुसती बघायची, ही शिक्षा काय असते ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. सराफ्यात रात्री आमची मंडळी गराडू खातात तेव्हा मीही जाते. दोन फोडी खाते आणि गप्पा पूर्ण मारते.

चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, ते वर्षाअखेरीस परत आले. कातडी सैल पडली, ती तशीच आहे. मूल हवं असलेल्यांना पहिले बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. आणि गोळ्या जन्मभराच्या. लोह आणि कॅल्शियम ज्या भागात जास्त शोषलं जातं त्यालाच वळसा घातलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाहेरून घ्यावी लागतात, तीही एकमेकांपासून दोन तासांच्या अंतराने. शिवाय बी-१२, डी जीवनसत्त्व आणि दरवर्षी रक्ततपासणी. डोकं दुखलं म्हणून हाताला लागेल ती वेदनाशामक गोळी घेता येत नाही. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. हे सगळं जमणार नसेल, तर ऑपरेशन करू नये, असं मी स्पष्ट सांगते.

पंगतीतला आग्रह

माझ्या पिशवीला दोन-तीन महिन्यांत सवय झाली, नातेवाइकांना दोन वर्षं लागली. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात आणि पानात टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान. या दोन्हींच्या मध्ये वाटीभर जेवणारं माणूस फार अवघड जागी बसतं. “एवढंच? आमच्याकडचं आवडलं नाही वाटतं!” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल.

यावर तोडगा सासूबाईंनीच काढला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांनी माझ्यासाठी फराळाची छोटी ताटली वेगळी ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “हिचं पान एवढंच असतं. आग्रह करायचा तर गाण्याचा करा.” त्या दिवसापासून घरचं पथ्य सुरू झालं. सणाला पुरणपोळी होते, पण चार दिवस उरतील एवढी होत नाही. डब्यात आधी उसळ भरली जाते. नवऱ्याची साखरही आता काठावरून मागे आली आहे.

मुलीने विचारलेलं

एका गोष्टीची मला कल्पना नव्हती. वजन उतरू लागलं तशी स्तुती सुरू झाली. “आता कशी छान दिसतेस!”, “दहा वर्षांनी लहान वाटतेस!” हे सगळं मुलीसमोर. ती अकराची झाली तेव्हा एक दिवस अर्धी पोळी ठेवून उठली. विचारलं तर म्हणाली, “आई, तू जाड होतीस तेव्हा तू छान नव्हतीस का?”

आम्ही तिला जवळ घेऊन बाबांच्या आजारपणाची सगळी गोष्ट सांगितली. ऑपरेशन साखरेसाठी आणि श्वासासाठी होतं, फोटोसाठी नव्हतं, हेही सांगितलं. तेव्हापासून घरात नियम आहे, ताटावर बसून कुणाच्याही वजनाबद्दल बोलायचं नाही, ना चांगलं, ना वाईट. पाहुण्यांनाही आम्ही तसं सांगतो. तिच्या शाळेच्या डॉक्टरांशीही बोललो. आता ती पोटभर खाते आणि बास्केटबॉल खेळते.

आज

दीड वर्षानंतर माझं वजन ७२ वर आलं. आज ते ७९ आहे. थोडं वजन परत येतं, हे मला आधीच सांगितलं होतं आणि तसं ते आलं. बीएमआय जवळपास ३१, म्हणजे आपल्या निकषांनुसार मी आजही स्थूलच आहे. एचबीएवनसी ५.८, मधुमेहाच्या तीन गोळ्यांपैकी एकही चालू नाही. डॉक्टर याला मधुमेह ‘गेला’ म्हणत नाहीत, ‘थांबलाय’ म्हणतात. तो परत येऊ शकतो, म्हणून तपासणी चुकवत नाही. रात्री श्वास अडकत नाही. शाळेचे तीन मजले न थांबता चढते.

२०२५ पासून वेगोव्ही आणि मौंजारो ही आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं आपल्याकडेही मिळू लागली आहेत. “आता ऑपरेशन कशाला?” असं मला विचारतात. काहींसाठी तोच मार्ग योग्य असेल. पण औषध थांबवलं की वजन बहुतेकदा परत चढतं, खर्च चालू राहतो, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नसतात. दोन्ही पर्याय तज्ज्ञांसमोर मांडून विचारा.

विचारायला जाताना एकटे जाऊ नका. स्वयंपाक करणारी आणि वाढणारी व्यक्ती सोबत न्या, कारण आहारतज्ज्ञांचं अर्धं बोलणं तिच्यासाठी असतं. सर्जनना किती ऑपरेशनं केली, गुंतागुंत झाली तर काय करता, आणि पाच वर्षांनंतर मला कोण तपासणार, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे दाखवा.

बाकीच्यांना एवढंच सांगणं, की पंगतीत कुणी अर्ध्या पोळीवर थांबलं तर “एवढंच?” म्हणू नका. त्यांना पाणीही लगेच विचारू नका. अर्ध्या तासाने विचारा.