गावात बसून हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर शिका

सुट्टीला अलोऱ्याला आलो की कॉलेजातली पोरं विचारतात, "दादा, प्रोजेक्टला काय घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं: बाह्मनी. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या गरजेतून घडलेलं, सगळ्यांना खुलं सॉफ्टवेअर.

आत मुख्य भाग तीन: केसपेपरला ओपनएमआरएस, लॅबला ओपनएलिस, बिलाला आणि औषधांच्या साठ्याला ओडू.

डॉकर वापरून लॅपटॉपवर बसवा. खोटे पेशंट भरा. मग गरोदर मातेच्या तपासणीचा एक फॉर्म मराठीत बनवा. जावा नंतर शिकता येते.

पण आधी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारा, कुठली नोंद दोनदा लिहावी लागते? कामाचं सॉफ्टवेअर तिथूनच सुरू होतं.

फॉर्ममध्ये वापरायला आजारांच्या प्रमाणित संज्ञांचा संच, स्नोमेड सीटी, भारतात मोफत आहे. त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये.

कुठे अडलात तर खाली विचारा.