कुत्र्याच्या जातीवर बंदी : उपाय की पळवाट?

पाळीव कुत्र्याने एखाद्या बालकाचा वा वृद्धाचा बळी घेतल्याची बातमी आली, की त्या जातीच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याची मागणी पाठोपाठ येते. २०२२ मध्ये लखनौत एका वृद्धेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला. त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर व डोगो अर्जेंटिनो या जाती पाळण्यास मनाई केली. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूण येथे सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि तेथेही बंदीची चर्चा सुरू झाली. अशीच मागणी उद्या जळगावच्या मेहरूण भागातून वा धुळ्याच्या देवपुरातून महापालिकेकडे आली, तर तिला काय उत्तर द्यावे? लोकांचा संताप रास्त आहे. मात्र बंदीमुळे पुढचा बळी टळतो का, हा खरा प्रश्न आहे.

केंद्राच्या यादीचे काय झाले?

केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी सर्व राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री रोखण्यास सांगितले. ज्यांच्याकडे असे कुत्रे आधीपासून आहेत, त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी, असेही त्यात नमूद होते. यादी मात्र घाईने केलेली दिसत होती. ‘टोसा इनू’ आणि ‘जपानी टोसा’ ही एकाच जातीची दोन नावे त्यात स्वतंत्रपणे नोंदवली गेली. ‘टेरियर’ असा मोघम उल्लेख करून एक अख्खा गटच त्यात घातला गेला. या गटात मांडीवर मावणारे लहान कुत्रेही येतात.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे पत्रक रद्द केले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही ते रद्द ठरवले. संबंधितांच्या हरकती व सूचना ऐकून घेतल्याशिवाय असा निर्णय घेता येणार नाही, हा या निकालांमागचा मुख्य मुद्दा होता.

दोष रक्ताचा की संगोपनाचा?

‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारित संशोधन प्रसिद्ध झाले. कुत्र्यांच्या स्वभावातील फरकांपैकी केवळ ९ टक्के फरक जातीमुळे स्पष्ट होतो, असे त्यात आढळले. याचा अर्थ जातीला काहीच महत्त्व नाही, असा नव्हे. धिप्पाड कुत्रा चावला, तर इजा गंभीर होते, हे नाकारता येत नाही. पण नेमका कोणता कुत्रा चावेल, हे जातीवरून ठरवता येत नाही.

केंद्राच्या यादीतील तुर्कस्तानचे कंगाल व अकबाश किंवा कॉकेशियन शेफर्ड हे मूळचे कळपाची राखण करणारे कुत्रे आहेत. साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळांबरोबर फिरणारे कुत्रे जे काम करतात, तेच काम त्यांच्या देशी हे करतात. परक्यावर धावून जाणे हा त्या कामाचाच भाग. असा कुत्रा केवळ हौसेखातर दोन खोल्यांच्या सदनिकेत दिवसभर साखळीने बांधून ठेवला आणि तो चिडखोर झाला, तर दोष कोणाचा?

शिवाय प्रश्नाचा मोठा भाग या यादीबाहेरच राहतो. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये महाराष्ट्रात कुत्रा चावल्याच्या सुमारे ४ लाख ८५ हजार घटना नोंदवल्या गेल्या. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात १२ लाखांहून अधिक मोकाट कुत्री आढळली होती. महागड्या विदेशी कुत्र्यांची संख्या यापुढे अगदीच तोकडी आहे. लसीकरण न झालेला गल्लीतला कुत्रा चावला, तरी रेबीजचा धोका तितकाच असतो.

परदेशातील धडा

ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून चार जातींवर निर्बंध घातले. तरीही कुत्रा चावल्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या वाढत गेली. बंदी असलेल्या जातींची जागा ‘एक्सएल बुली’ने घेतली आणि अखेर २०२३-२४ मध्ये तिच्यावरही बंदी घालावी लागली. नेदरलँड्समध्ये १९९३ पासून पिटबुलवर बंदी होती. चावण्याच्या घटना कमी होत नाहीत, हे दिसून आल्यावर २००८ मध्ये ती उठवण्यात आली. इटलीने २००९ मध्ये धोकादायक जातींची यादी रद्द करून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला.

बंदीचा आणखी एक दुष्परिणाम संभवतो. कारवाईच्या धास्तीने मालक कुत्रा लपवतात किंवा रात्रीतून गावाबाहेर सोडून देतात. नोंदणी व लस यांच्या कक्षेतला कुत्रा मग मोकाट होतो आणि धोका उलट वाढतो.

मग करावे काय?

प्रत्येक पाळीव कुत्र्याची महापालिकेत नोंदणी व्हावी आणि रेबीज लसीच्या दाखल्याशिवाय तिचे नूतनीकरण होऊ नये. सार्वजनिक ठिकाणी दोरी आणि मोठ्या कुत्र्यास मुसके बंधनकारक असावे. एखाद्या कुत्र्याविरुद्ध तक्रार आल्यास त्याची जात न पाहता त्याच्या वर्तनाची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी. पैदास व विक्री करणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांवर कारवाई व्हायला हवी.

पाळीव प्राण्याबाबत निष्काळजी राहून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे काम तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवरच सोपवले आहे.

या कामांना पैसा, मनुष्यबळ आणि सातत्य लागते. बंदीचा ठराव एका सभेत संमत करता येतो, म्हणूनच तो सोपा वाटतो. मुलांना रस्त्यावर निर्धास्त खेळता यावे, हा हेतू असेल, तर साखळीच्या एका टोकाला असलेल्या कुत्र्याइतकाच दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाचाही विचार महापालिकांना करावा लागेल.