न दिसणारी गळती

गेल्या पावसाळ्यात आमच्या भावकीतल्या एकाची जुनी पिकअप टोमॅटोचे क्रेट भरून पहाटे निघाली. कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर करत नारायणगावचा बाजार गाठायचा होता. ओतूरच्या अलीकडे चढाला गाडी बंद पडली. टाकी अर्धी भरलेली, खाली रस्त्यावर डिझेलचा एक थेंब नाही. त्याने फिल्टरवरचा हातपंप मारला, गाडी सुरू झाली, दोन किलोमीटरवर पुन्हा थांबली. असे चार वेळा झाले. तो पोचला तेव्हा लिलाव उरकले होते.

दुसऱ्या दिवशी अकोल्यातल्या मिस्त्रीने गाडीखाली वाकण्याआधी एकच प्रश्न विचारला, ‘‘रात्री गाडी चढाला तोंड करून लावता, का उताराला?’’

‘‘चढाला. घराची वाटच तशी आहे.’’

‘‘आणि उताराला लावली तर?’’

‘‘मग सकाळी एका चावीत सुरू होते.’’

‘‘म्हणजे एअर घेते. मागे टाकीच्या बाजूला कुठेतरी.’’

हे निदान त्याने पाना हातात न घेता केले. ते कसे, हे समजून घ्यायला मला पुढचे काही दिवस त्याच्या गॅरेजमध्ये बसावे लागले.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये टाकी मागच्या अंगाला, चेसिसलगत असते आणि पंप पुढे इंजिनजवळ. पंपाच्या अलीकडची नळी ओढणारी, पलीकडची ढकलणारी. ढकलणाऱ्या बाजूला फट पडली तर डिझेल बाहेर येते, वास येतो, डाग पडतो. ओढणाऱ्या बाजूचे तसे नाही. गाडी चालू असताना त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे डिझेल बाहेर पडण्याऐवजी हवाच आत शिरते. विहिरीवर मोटार असलेल्या कुणालाही हे नवे नाही. सक्शन पाइपला बारीक भोक पडले की पाणी गळत नाही, मोटार हवा घेते आणि पाणी सोडून देते.

रात्री चढाला तोंड करून उभ्या गाडीत इंजिन वर आणि टाकी खाली राहते. भोकातून हवा शिरते, नळीतले डिझेल हळूहळू टाकीत उतरते आणि सकाळी पंपाला ओढायला हवाच मिळते. उताराला लावली तर डिझेल पुढेच राहते. तेव्हा मात्र त्याच भोकातून थेंब पडू शकतात. पावसाच्या चिखलात ते कोण पाहणार?

एवढ्याशा हवेने इंजिन बंद का पडावे? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. तो फवारा उडण्यासाठी नोझल उघडावे लागते, आणि जुन्या गाड्यांत त्याला वातावरणाच्या साधारण दोनशे पट दाब लागतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून पंपाचा जोर सरळ नोझलपर्यंत जातो. मध्ये बुडबुडा आला की पंप तो बुडबुडाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही.

‘एअर घेतली’, ‘एअर काढली’ ही बोली आमच्याकडे पिकअपच्या आधी विहिरीवर आली. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, त्यानंतर खेडोपाडी डिझेल इंजिने पोचली. टाकी कोरडी पडली की पाना घेऊन एअर काढणे हे घरच्या पोरासोरांचे काम असे. मीही ते केले आहे. पिकअपखाली वाकणाऱ्या हातांना ही विद्या नवी नव्हती.

मिस्त्रीने आधी टाकीची नळी सोडली आणि नवीन रबरी नळी थेट डिझेलच्या डब्यात बुडवून गाडी चालवली. ती अर्धा तास अखंड चालली, म्हणजे पंप निर्दोष. मग मूळ नळी जोडून फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा घातला. त्यात बुडबुड्यांची माळ दिसू लागली. दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये होता.

घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षानुवर्षे फिरलेली ही गाडी. तिथला पाऊस आणि चिखल लोखंडाला सोडत नाही. पत्र्याची क्लिप नळीला चेसिसशी धरून ठेवते, तिथे ओली माती अडकते आणि नळी आतल्या अंगाने सडते. क्लिप काढल्यावर नखाएवढा गंज सुटला. खाली टाचणीच्या टोकाएवढे भोक होते.

त्या जागी पूर्वी कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी तारेने आवळली होती. डिझेलमध्ये ट्यूबचे रबर फुगते, मऊ पडते. तारही नळीला सगळीकडून सारखी दाबत नाही. मिस्त्रीने सडलेला भाग कापून टाकला, शाबूत नळीच्या टोकांना थोडा उठाव दिला, म्हणजे रबर निसटत नाही. त्यावर डिझेल सोसणारी नायट्राइल रबराची नळी दोन्हीकडे इंचभर चढवली आणि स्क्रूच्या क्लिपा आवळल्या. नळी धुराड्यापासून लांब बांधली.

फिल्टरच्या जोडावरचे तांब्याचे वायसरही त्याने बदलले. नवे नसले की तो जुने वायसर लाल होईपर्यंत तापवून थंड करतो. दाबून दाबून कडक झालेले तांबे तापवल्याने मऊ होते आणि फट भरून काढते. तांबट भांडे ठोकताना मधूनमधून भट्टीत धरतो, ते याचसाठी.

शेवटी एअर काढली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग निव्वळ डिझेल. धार अखंड झाली की पंप मारतामारताच स्क्रू आवळायचा.

एक समज मात्र मिस्त्रीलाही होता, की डिझेल पेट्रोलसारखे पेटत नाही. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. आमच्या उन्हाळ्यात सावलीतसुद्धा पारा त्यापुढे जातो. धुराड्यावर फवारा उडाला तर आग लागू शकते. पंप ते नोझल या नळीची गळती तर बोटाने कधीच चाचपू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते. नव्या कॉमन रेल गाड्यांत हा दाब कित्येक पटींनी जास्त असतो. तिथे घरच्या पान्याने हात घालू नये.

न दिसणाऱ्या गळतीचा धोका वेगळा. भरल्या गाडीचे इंजिन घाटात बंद पडले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एकदोन दाबांत संपते. पुढे सगळा भार पायावर. त्या पहाटे गाडी चढाला थांबली म्हणून टोमॅटोच गेले.

दुरुस्तीनंतर मिस्त्रीने पैसे लगेच घेतले नाहीत. ‘‘आज रात्री चढालाच लावा. सकाळी एका चावीत सुरू झाली, तर या.’’

सकाळी आठला आम्ही पैसे द्यायला गेलो, गाडी घेऊनच.